किल्लीवाल्या सासूची सोयरीक

उज्वला भामरेला नाशिकमध्ये लोक रस्त्यात ओळखायला लागले ते वयाच्या पासष्टीला, आणि त्यात तिचा स्वतःचा काडीइतकाही दोष नव्हता.

तसं बघायला गेलं तर तिचं नाव होऊन तीसेक वर्षं झाली होती. नव्वदीच्या सुरुवातीला दूरदर्शनवर दर गुरुवारी संध्याकाळी ‘किल्ली कुणाकडे?’ नावाची विनोदी मालिका लागायची. त्यातली सासू द्वारकाबाई, ती उज्वला. नऊवारी लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि कमरेला फ्रिजची किल्ली. तेव्हाच्या फ्रिजला कुलूप असायचं, आणि या बाईचा सगळा संसार त्या कुलपाभोवती फिरायचा. सुनेला एक टोमणा, मग दुसरा, मग तिसरा, आणि सून रडकुंडीला आली की छताकडं बघत अगदी भोळेपणानं म्हणायचं, "मी काही बोलले का?" एवढ्यावर अख्खा महाराष्ट्र हसायचा. गुरुवारी त्या वेळेला भाजीबाजारात शुकशुकाट असायचा म्हणतात.

पण गंमत अशी, की हे सगळं करणारी बाई तेव्हा होती अवघी बत्तीस वर्षांची. केसांना पांढरी पावडर चोपडून, गालांवर रेघा ओढून, खांदे पाडून ती म्हातारी व्हायची. मुंबईतलं चित्रीकरण संपलं की तोंड धुऊन, कुरळे केस मोकळे सोडून, रातोरात नाशिकला येऊन ही आपली टेलिफोन एक्स्चेंजच्या ड्युटीवर हजर. तिला कोण ओळखणार? दुधाच्या रांगेत तिच्या पुढच्या दोघीजणी द्वारकाबाईला शिव्याशाप द्यायच्या, आणि ही मागं पिशवी धरून कान देऊन ऐकायची. घरी येऊन नवऱ्याला सांगायची, "अहो, आज मला ‘मेली’ म्हणाल्या." इतकी खूश, की जणू हार घातला कुणी.

ऐकणं हाच तिचा खरा धंदा होता. तिचे वडील पेठला दवाखान्यात कंपाउंडर. पोरगी शिकायला नाशिकला आली, टेलिफोन खात्यात ऑपरेटर लागली, आणि कानाला हेडफोन लावून दिवसभर ट्रंक कॉल जोडायला लागली. लाइन लागली की नाही हे बघायला क्षणभर कान द्यावाच लागे. त्या क्षणभरात तिनं अख्खी दुनिया ऐकली. सटाण्याची बाई मुंबईच्या सुनेला "बरी आहेस ना" कुठल्या सुरात विचारते, येवल्याची कुठल्या. एकीचा सुस्कारा उचलला, दुसरीचं खाकरणं, तिसरीचं ते लांबवलेलं "अस्सं का". अशा दहाजणींची मिळून एक द्वारकाबाई झाली. कामगार कल्याणच्या नाट्यस्पर्धेत तिचं एक छोटं काम बघून मुंबईच्या एका दिग्दर्शकानं तिला बोलावलं, तेव्हा तिनं तालमीआधी एकच प्रश्न विचारला, "सून कोण आहे? तिचं काम आधी ऐकते." हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, बरं का. आपलं वाक्य फेकून टाळी घेणारे पायलीचे पन्नास असतात. समोरच्याला बोलावंसं वाटेल असं वाक्य टाकणारे थोडे.

त्या मालिकेच्या शेवटच्या शेवटच्या भागांत तिला दिवस गेले होते. आता बोला! साठीची सासू आणि पोटुशी! दिग्दर्शकानं डोक्याला हात लावला. मग द्वारकाबाई प्रत्येक प्रसंगात काही ना काही पोटाशी धरूनच दिसायला लागली. कधी सूप, कधी परात, कधी कोबीचा भला मोठा गड्डा. फ्रिजचं दार तर उघडंच ठेवलं, त्यामागं उभं राहायला. कुणाला पत्ता लागला नाही. पोटातला तो हर्षल आजही मित्रांना सांगतो, "मी पण आहे त्या सिरियलमध्ये, नीट बघा."

मालिका संपल्यावर मुंबईहून पुष्कळ बोलावणी आली. नवरा शेखर सरकारी छापखान्यात होता, तो बदलीचं बघतोसुद्धा म्हणाला. उज्वला म्हणाली, "जन्मभर सासूच व्हायचं ना? मग ती इथं होईन की." आणि खरंच ती राहिली. नोकरी केली, दरवर्षी स्पर्धेच्या नाटकात उभी राहिली, कधी बक्षीस मिळालं, कधी परीक्षकांना काही कळलंच नाही. आपण काही गमावलं असं ती कधी म्हणाली नाही, आणि तिच्या मनातही ते नव्हतं. मोठं होण्यापेक्षा चोख काम करण्यात तिला जास्त सुख होतं. अशी माणसं असतात. थोडी असतात, पण असतात.

आणि मग कुणा उद्योगी माणसानं मालिकेचे जुने भाग मोबाइलवर टाकले. त्यांचे तुकडे झाले, ते तुकडे गावभर फिरले. इकडं तोवर उज्वलाचे केस खरेच पांढरे झाले होते, गालांवर खऱ्या रेघा आल्या होत्या, खांदेही जरा उतरले होते. आता ती थेट द्वारकाबाई दिसायची! तेव्हा दोन तास बसून रंगवावं लागायचं ते म्हातारपण देवानं आपल्या हातानं रंगवून दिलं. भद्रकालीच्या बाजारात भाजीवाली म्हणायची, "काकू, कोथिंबीर फ्रिजला कुलूप लावून ठेवा हां." जॉगिंग ट्रॅकवर पोरी सेल्फीला गाठायच्या, "एकदा म्हणा ना ते." उज्वला म्हणायची. हसायच्या बिचाऱ्या. तिलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोला.

आणि नेमकं त्याच वेळेला हर्षलचं लग्न ठरायला निघालं.

हर्षल दिंडोरीकडं एका वायनरीत नोकरीला. तिथं हिशेबाच्या खात्यात चैताली देवरे होती, बागलाणातल्या नामपूरची. दोघांचं जमलं, दोघांनी आपापल्या घरी सांगितलं. जात, कुळ, गोत सगळं बसत होतं, म्हणजे भांडायलाही काही निमित्त नव्हतं. चैतालीचे वडील मल्हारी देवरे, कांद्याचे व्यापारी, नाशिकला येऊन घर बघून गेले. पोहे झाले, हसणं-खिदळणं झालं. मग तिकडं नामपूरला चैतालीनं मोठ्या हौसेनं आपल्या आजीच्या हातात मोबाइल दिला, "बघ आजी, ही माझी होणारी सासू."

लंकाबाई आजीनं बघितलं. पुन्हा बघितलं. ही सासू तिनं मालिका लागायची तेव्हाच ओळखली होती, शेजाऱ्यांच्या काळ्यापांढऱ्या टीव्हीवर. मोबाइल बाजूला ठेवला आणि आपल्या अहिराणीत म्हणाली, "मनी नात त्या घरमा नही देवानी."

झालं. देवऱ्यांच्या घरात लंकाबाईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ‘अगं आजी, ते नाटक होतं’ म्हणून चैतालीनं हजारदा सांगितलं. आजी म्हणाली, नाटक का असेना, मनात नसेल तर इतकं हुबेहूब तोंडात येईलच कसं? मल्हारी आईपुढं तोंड उघडेना. चैताली हर्षलला फोनवर म्हणाली, "आजीचं मन मोडून मी येणार नाही. मला तिनं वाढवलंय." आणि हर्षल घरी येऊन नुसता बसून राहिला.

उज्वलाच्या काळजाचं पाणी पाणी झालं. आयुष्यभर जे काम तिनं जीव ओतून केलं, तेच तिच्या पोराच्या सुखाच्या आड येऊन उभं होतं. वाईट केलं असतं तर बरं झालं असतं, असं एकदा तिच्या तोंडून निघून गेलं. शेखर भडकला, "हे पुन्हा म्हणू नकोस."

"मग मी जाऊन भेटते," ती म्हणाली.

"आई, पण जरा गोड बोल हां," हर्षल चाचरत म्हणाला. "आणि... तशी दिसू नकोस."

तशी दिसू नकोस! पण तिनं तेही केलं. पार्लरमध्ये जाऊन केस काळेभोर करून घेतले. फिकी गुलाबी साडी काढली, चष्मा पर्समध्ये टाकला. शेखर म्हणाला, "हर्षलच्या आधी तुलाच बघायला येतील लोक." पण स्वतः मात्र खिशात सुपारी टाकून निघाला. तिकडं सोयरीक पक्की झाली की चार माणसांसमोर सुपारी फोडतात. काम घरच्या कर्त्या पुरुषाचं. जमलंच तर अडायला नको, असा त्याचा विचार.

नामपूरला देवऱ्यांच्या ओसरीवर लंकाबाई खाटेवर बसली होती. ऐंशी पार केलेली, पण पाठ ताठ. खाली सतरंजीवर मल्हारी आणि चुलतभाऊ. ताटात अडकित्ता होता, पण वर रुमाल टाकलेला. मल्हारीची बायको मैना, म्हणजे चैतालीची आई, पाणी देऊन गेली, चहा देऊन गेली, आणि पदर सावरत स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी राहिली. तिच्याशी कुणी बोललं नाही. ती बोलेल अशी कुणाची अपेक्षाही नव्हती.

उज्वलानं गोड बोलायला सुरुवात केली. "मावशी, मला मुलगी नाही. चैताली माझी सून नाही, लेकच."

"हाईच समद्या म्हंतस," लंकाबाई शांतपणे म्हणाली.

"मी तुम्हाला शब्द देते..."

"तू नाटकवाली शे बाई. तू हासस तं ते नाटक, रडस तं ते बी नाटक. तुनं खरं कोनतं, मी कसं वळखू?"

म्हातारी चुकीचं बोलत नव्हती, हे उज्वलाला कळत होतं. ती रडली तर तो अभिनय ठरणार होता. चिडली तर द्वारकाबाई ठरणार होती. गप्प बसली तर बाई चलाख आहे म्हणणार होते. ज्या गोष्टीसाठी तिला आयुष्यभर शाबासकी मिळाली, त्याच गोष्टीनं तिच्या खरेपणावर कुणाचा विश्वास म्हणून उरू दिला नव्हता. हर्षल मान खाली घालून बसला होता. चैताली खिडकीतून बाहेर बघत होती.

मग लंकाबाई थोडी पुढं वाकली. "ती किल्लीवाली करी दखाड."

"आजी!" चैताली ओरडलीच. हर्षलनं आईकडं बघून जोरजोरात मान हलवली, नाही, नाही म्हणून. शेखरनं तिचा हात दाबला. करून दाखवली की संपलंच सगळं, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

उज्वलानं हात सोडवून घेतला. पर्समधून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. भीती वाटत होती. पण कुणी काम करून दाखव म्हटलं आणि आपण ते अर्धवट, मिळमिळीत केलं, हे तिच्यानं होण्यातलं नव्हतं. पोराच्या लग्नासाठीसुद्धा नाही. ती म्हणाली, "करते मावशी. पण ती टीव्हीवरची कशाला? तुमची सासू कशी होती, ते सांगा."

लंकाबाईचे ओठ हलले. अशा प्रश्नाची तिला सवय नव्हती. पण हळूहळू बोलायला लागली. सासूचं नाव पुतळाबाई. दुधाच्या कपाटाची किल्ली कमरेला. कपाटाला हात लावला की मागं उभी. ती मोठ्यानं कधी बोललीच नाही, हळू बोलायची, आणि तेच जास्त लागायचं. पहिल्या खेपेला दिवस गेले होते तेव्हा एकदा भूक आवरेना म्हणून लंकानं लोण्याचा गोळा खाल्ला होता. पुतळाबाईनं खळ्यावर चार बायांसमोर... एवढं बोलून लंकाबाई थांबली. उज्वला ऐकत होती, अख्ख्या अंगानं ऐकत होती, जशी कधीकाळी हेडफोन लावून ऐकायची.

मग ती उठली. खांदे उतरले. मान किंचित वाकडी झाली. पदराचं टोक कमरेला खोचलं, आणि डोळे अर्धे मिटून, अगदी हळू आवाजात, त्याच भागातल्या बोलीत म्हणाली, "लंका... लोनी कोनी खादं वं?"

खाटेवर लंकाबाई दचकली. खरंच दचकली.

"मांजरनी खादं व्हयी," उज्वला आजूबाजूला न दिसणाऱ्या बायांकडं बघून हसली. "दोन पायनी मांजर. माहेरमा काही भेटे नही वाटतं हिले."

मल्हारीच्या अंगावर काटा आला. काळे केस, गुलाबी साडी, सगळं होतं तिथंच. पण ओसरीवर त्याची मेलेली आजी उभी होती. आणि एवढं बोलून उज्वला थांबली. पुढचा टोमणा तिच्या जिभेवर तयार होता, तरी थांबली. लंकाबाईकडं बघत राहिली.

लंकाबाईनं खाटेची कड धरली. आणि साठ वर्षांपूर्वी जो आवाज गिळला होता, तो आता आला.

"मी खादं!" ती ओरडली. "हा, मीच खादं! भूक लागनी व्हती माले! तुना नातूनी खादं ते, मना पोटमा बसीसन! तो दख, तठे बठेल शे!"

आणि तिनं बोट दाखवलं ते थेट मल्हारीकडं. साठीला आलेला, झुपकेदार मिशांचा मल्हारी देवरे, ज्याच्या एका बोलीवर बाजारात कांद्याची वाहनं हलत, तो सतरंजीवर चोरी पकडलेल्या पोरासारखा बसला होता. कुणाला हसू आलं, कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं, काहींना दोन्ही. पुतळाबाई झालेल्या उज्वलानं नजर खाली घातली, दोन पावलं मागं सरली आणि हळूच, हार मानल्यासारखी, खाली बसली. बाकी कुणी नटी असती तर अजून एक वाक्य मारून भाव खाऊन गेली असती. हिनं तो प्रसंग म्हातारीला देऊन टाकला. तिचं आयुष्यातलं सगळ्यात सुरेख काम ते, आणि बघायला कॅमेरा नाही की परीक्षक नाही.

लंकाबाई रडली, पोटभर रडली. मग पदरानं तोंड पुसून उज्वलाला म्हणाली, "मनं ऐकाले साठ वरीसमा कोनी बसनं नही. तू बसनी." आणि मग सगळ्यांकडं वळून, "दिली पोर. सुपारी फोडा."

ओसरीवर एकच गलका झाला. शेखर खिशात हात घालून सुपारी शोधायला लागला. मल्हारीनं ताटावरचा रुमाल काढला आणि अडकित्ता उचलला.

"थांबा."

आवाज स्वयंपाकघराच्या दारातून आला. मैना. पदर डोक्यावरून खाली सरकला होता आणि तो तिनं सावरलाही नव्हता. ती घाबरली होती, स्वच्छ दिसत होतं, पण मागं हटली नाही.

"पोर मनी शे," ती सासूकडं बघून म्हणाली. "नको म्हने तव्हय बी आनि दिली म्हने तव्हय बी, माले कोनी इचारं का?"

मल्हारीचा अडकित्त्याचा हात हवेतच राहिला. लंकाबाईचा चेहरा आधी कठीण झाला, सवयीनं. मग तिनं खाली बसलेल्या उज्वलाकडं बघितलं. उज्वला मैनाकडं बघत होती, ऐकत होती. मग लंकाबाईनं सुनेकडं बघितलं, बराच वेळ बघितलं, जणू ही बाई या घरात कधी आली ते आठवत होती.

आणि लंकाबाई खाटेवर जरा सरकली. शेजारी जागा केली. "आठे बस. सांग."

मैना त्या खाटेवर कधी बसली नव्हती. ती आली, कडेला टेकली. चैतालीकडं बघितलं, चैतालीनं मान हलवली. हर्षलकडं नीट न्याहाळून बघितलं. मग उज्वलाकडं.

"पोर देवानी," ती म्हणाली. "पन सुपारी मी फोडसू."

मल्हारी काहीतरी म्हणणार होता. लंकाबाईनं त्याच्या हातातून अडकित्ता काढून घेतला आणि सुनेच्या हातात दिला.